त्रुटीबाईंचं तिसरं प्रकरण

सत्तावीस वर्षं मी एका स्टुलावर काढली. नगर कार्यालय, दुसरा मजला, नोंदी विभाग, दाराच्या डाव्या हाताला. स्टूल दोनदा बदललं, मी तोच. शिपाई म्हणून लागलो, शिपाई म्हणूनच निवृत्त झालो, आणि त्याचं मला काडीचंही वाईट वाटत नाही. आतल्या साहेब लोकांना येणारा माणूस समोरून दिसायचा. मला तो जाताना दिसायचा, आणि जिना उतरताना तो काय पुटपुटतो तेही ऐकू यायचं.

आता बाईंचं सांगतो. बाई आमच्या विभागात लिपिक. घराची, नळाची, दुकानाची नोंद एकाच्या नावावरून दुसऱ्याच्या नावावर करायची असली की अर्ज त्यांच्या टेबलावर यायचा. पाठीमागे त्यांना सगळे ‘त्रुटीबाई’ म्हणायचे. तोंडावर म्हणायची कोणाची छाती नव्हती. अर्ज हातात आला की बाई आधी जोडलेले कागद बघायच्या, मग शिक्के, मग सह्या. काही कमी दिसलं की वरच्या कोपऱ्यात लाल शाईनं ‘त्रुटी’, खाली एका ओळीत कारण, आणि अर्ज माणसाच्या हातात परत. बरं, एका वेळी एकच त्रुटी हं! पहिली सापडली की पुढचं बघायच्याच नाहीत. माणूस आठ दिवसांनी ती भरून आला की दुसरी निघायची.

म्हणून बाई वाईट होत्या असं कोणी समजू नये, मी ऐकून घेणार नाही. आवाज कधी चढवला नाही. कोणाचा चहासुद्धा घेतला नाही. एखादा पेन विसरून गेला तर तो पाकिटात घालून वर नाव लिहून ठेवायच्या. फक्त टेबल रिकामं ठेवायची त्यांना भारी हौस. परत केलेला अर्ज निकाली निघाला असं धरायची आमच्याकडे रीतच होती. त्यामुळे साडेपाचला बाईंच्या टेबलावर कागदाचा कपटा नसायचा, आणि दाराबाहेरच्या फळ्यावर मी रोज खडूनं लिहायचो, ‘आज अखेर प्रलंबित: शून्य’. माझं अक्षर चांगलं आहे. ते शून्य मी अगदी गोल काढायचो. त्या शून्यापायी आमच्या साहेबांना वरून एक ढालही मिळाली होती, ती त्यांच्या टेबलावर असायची.

बाई अठ्ठेचाळीस वर्षांच्या झाल्या तेव्हा कळलं की साहेबांच्या हाताखालचे आमचे अधीक्षक दोन वर्षांनी निवृत्त होणार. त्यांच्या खुर्चीवर बाईंचाच हक्क होता, सगळ्यांत जुन्या त्याच. पण नियम असा की त्या जागेसाठी पदव्युत्तर पदवी हवी, आणि तीही वयाची पन्नाशी पूर्ण व्हायच्या आत. बाईंची पदवी साधी. दुसऱ्या कोणी कपाळावर हात मारून घेतला असता. बाईंनी संध्याकाळच्या कॉलेजात लोकप्रशासनाला नाव घातलं.

“मामा,” मला म्हणाल्या, “उद्यापासून साडेपाचला बरोबर निघणार मी.”

“तुम्ही रोजच बरोबर निघता,” मी म्हणालो.

“हो, पण उद्यापासून पळत.”

तिकडे वर्गात सगळी बावीस-तेवीसची पोरं. एकजात सगळी सरकारी नोकरीच्या परीक्षांची तयारी करणारी. पहिल्या दिवशी बाई वर्गात शिरल्या तर ती पोरं उभी राहिली, त्यांना वाटलं प्राध्यापक आल्या. नंतर त्यांना मावशी म्हणायला लागली. पुस्तकातल्या मोठमोठ्या व्याख्या पोरांना तोंडपाठ, पण फाईल एका टेबलावरून दुसऱ्यावर कशी जाते हे एकानंही पाहिलेलं नव्हतं. ते बाईंनी शिकवलं. आणि इंग्रजी पुस्तकं वाचताना बाईंच्या नाकी नऊ यायचे, तिथे पोरं मदतीला. दुपारच्या सुट्टीत डबा खाता खाता बाई मला ते सगळं समजावून सांगायच्या. मी म्हणायचो, बाई, मला याचा काय उपयोग? त्या म्हणायच्या, तुम्हाला समजलं तर मला समजलंय असं मी धरते. म्हणजे मी फुकटात निम्मा पदवीधर झालो म्हणायचं.

दुसऱ्या वर्षी प्रबंध लिहायचा होता. विषय बाईंनी आधीच ठरवून ठेवला होता: प्रलंबित शून्य कसं आणायचं. स्वतःच्याच टेबलाची गोष्ट, घरचाच विषय. त्यांना शिकवणारे सर मऊ आवाजाचे होते, चष्मा कपाळावर ठेवून तो शोधत बसणारे. त्यांनी आराखडा वाचला आणि एकच प्रश्न विचारला.

“तुम्ही परत केलेल्या अर्जांपैकी किती पुन्हा आले?”

“येतात की सर. त्रुटी भरून सगळे येतात.”

“आकडा सांगा.”

आता आकडा कोण ठेवतो? बाई दुसऱ्या दिवशी माझ्या स्टुलापाशी येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, “मामा, मागच्या तीन वर्षांच्या आवक नोंदवह्या काढून द्याल?” मी खालच्या खोलीतून वह्या काढल्या, झटकल्या, वर आणल्या. चार महिने दुपारच्या सुट्टीत आम्ही तेच केलं. मी नाव वाचायचो, बाई पुढच्या पानांवर तेच नाव शोधायच्या. सापडलं की निळी खूण. नाही सापडलं की काहीच नाही.

काम संपलं तेव्हा बाईंनी बेरीज केली, मग पुन्हा केली, मग माझ्याकडून करवली. तीन वर्षांत परत केलेली माणसं तेराशे बारा. त्यातली चारशे सतरा पुन्हा आलीच नव्हती.

“गेली कुठे ही?” बाईंनी विचारलं.

माझं डोकं फिरलं. “कुठे जाणार? घरी गेली! चारदा काम बुडवून माणूस जिना चढतो, चारदा उतरतो, पाचव्यांदा नाही चढत. मी बघतो ना रोज.”

बाईंनी डब्याचं झाकण लावलं. त्या दिवशी त्यांनी काही खाल्लं नाही.

यादीत चार लाल त्रुटी लागलेलं एक नाव होतं, एका म्हाताऱ्या गवंड्याचं. नळ बायकोच्या नावावर, ती वारलेली, तो स्वतःच्या नावावर करून हवा होता. पहिल्यांदा मृत्यूचा दाखला नव्हता. दुसऱ्यांदा दाखल्यावर शिक्का पुसट होता. तिसऱ्यांदा शेजाऱ्याचं हमीपत्र राहिलं होतं. चौथ्यांदा सगळं होतं, पण त्याची सही कार्यालयात ठेवलेल्या वीस वर्षांपूर्वीच्या नमुन्याशी जुळत नव्हती. त्यालाही दीड वर्ष होऊन गेलं होतं. पत्ता होता. बाई म्हणाल्या, “शनिवारी येता का माझ्याबरोबर? एकटीनं जायला धीर होत नाही.”

गेलो. एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर एकच खोली, पण झाडूनपुसून लख्ख. भिंतीचा गिलावा असा सरळ की त्यावरून हात फिरवावासा वाटावा. त्यानं स्वतः केला होता. मोरीत नळाखाली बादली होती, पण नळ कोरडा. मीटर बंद पडलेलं, आणि नोंद मेलेल्या बाईच्या नावावर, म्हणून दुरुस्तीला कोणी हात लावेना. गवंडी शेजारच्या इमारतीतून पाणी आणायचा. हात दोन्ही थरथरत होते त्याचे, बादली अर्धीच भरायचा.

बाईंना बघून तो आधी दचकला, मग ओशाळला. “तुम्ही कशाला आलात बाई? मी येणारच होतो. अजून जुळत नाही हो.”

“काय जुळत नाही?”

त्यानं फळीवरून एक दीडशे पानी वही काढली. चौकटीची वही, लहान मुलं गणितं करतात तसली. बाईंनी उघडली. पहिल्या पानापासून त्याची सही. एकाखाली एक, पानभर. दुसरं पान, तिसरं पान, सगळीकडे तीच सही, कुठे वाकडी, कुठे अर्धीच राहिलेली. वरच्या कोपऱ्यात तारीख.

“रोज एक पान लिहितो,” गवंडी म्हणाला. “सकाळी हात जरा बरा असतो. ही चौथी वही. ती संपेपर्यंत जुळेल बघा. जुळली की येतो.”

 मी खिडकीबाहेर बघायला लागलो. बाई मात्र एकेक पान उलटत राहिल्या, शेवटच्या लिहिलेल्या पानापर्यंत. मग त्यांनी वही मिटली.

“बाबा, सही जुळत नसेल तर नवा नमुना घेता येतो. आमच्यापैकी एकानं घ्यायचा आणि एका साक्षीदारानं सही करायची. तसा नियम आहे.”

“असं का? मग मला कोणी सांगितलं नाही ते?”

“मी सांगायला हवं होतं,” बाई म्हणाल्या. “मी नाही सांगितलं.”

गवंड्यानं तिथेच नमुन्याची सही केली. साक्षीदार म्हणून मी केली. त्यानं चहा केला आणि बाई तो प्यायल्या. कुठल्याही अर्जदाराचा चहा पिताना मी त्यांना पहिल्यांदा बघितलं.

रस्त्यावर आल्यावर बाई एकदम थांबल्या. “मामा, तुम्हाला सगळं दिसत होतं. मला इतकी वर्षं का नाही सांगितलंत?”

“तुम्ही कधी विचारलंत?” मी फटकन बोलून गेलो. मग माझीच मला लाज वाटली, कारण ते खरं उत्तर नव्हतं. खरं उत्तर हे की तो फळा मलाही आवडायचा. मी तसं सांगून टाकलं. तरी कोपऱ्यापर्यंत आम्ही बरोबर चालत गेलो.

मग बाईंनी तिसरं प्रकरण लिहिलं. नाव होतं, ‘परत केलेले अर्ज: माझ्या टेबलाचा हिशेब’. चारशे सतराचा आकडा, एका वेळी एकच त्रुटी काढायची रीत, गवंड्याची वही, सगळं. कुठेही स्वतःला पाठीशी घातलं नाही. सर वाचून म्हणाले, हा प्रबंध आता खरा झाला. पण कार्यालयाच्या नोंदी वापरल्या होत्या, म्हणून साहेबांची लेखी परवानगी हवी. प्रबंध द्यायची शेवटची तारीख मार्चअखेरचा शुक्रवार. मे महिन्यात बाईंना पन्नास वर्षं पूर्ण होणार होती. म्हणजे हा शुक्रवार हुकला तर पदवी पुढच्या वर्षी मिळाली असती, पण अधीक्षकाची खुर्ची कायमची गेली असती.

साहेबांनी प्रबंध तीन दिवस ठेवून घेतला. साहेब तसे वाईट नव्हते, घाबरट होते. बुधवारी त्यांनी बाईंना बोलावलं. मी पाण्याचा ग्लास घेऊन आतच होतो, त्यामुळे सगळं ऐकलं.

“बाई, पहिलं प्रकरण छान आहे. दुसरं छान आहे. चौथं तर फारच छान. तिसरं काढून टाका, मी आत्ता सही करतो.”

“तिसरंच तर प्रबंध आहे, साहेब.”

“अहो, ढाल परत मागतील वरून! आणि तुमचंच नाव खराब होतंय, माझं सोडा. अधीक्षक व्हायचंय ना?”

“व्हायचंय.”

“मग?”

 साहेबांनी परवानगीचा अर्ज पुढे ओढला, वरच्या कोपऱ्यात काहीतरी लिहिलं आणि परत दिला. बाईंनी तो बाहेर आणला. मी बघितलं. लाल शाईत लिहिलं होतं, ‘त्रुटी’. खाली एका ओळीत, ‘प्रकरण तीन वगळून पुन्हा सादर करावे’.

बाई जिन्याकडे गेल्या. मी स्टुलावरून बघत होतो. तीन पायऱ्या उतरल्या आणि तिथेच बसल्या, कागद मांडीवर घेऊन. येणारे-जाणारे बाजूनं वाट काढून जात होते. मी उठलो आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसलो. गुडघे कुरकुरले, पण बसलो.

“काय करू, मामा?”

“मला विचारू नका. मला तुम्हाला अधीक्षक झालेलं बघायचंय. मी म्हणेन, टाका काढून.”

“खरंच म्हणता?”

“खरंच म्हणतो. अठ्ठेचाळीस पानांतली नऊ पानं. कोणाला कळणार आहे?”

बाईंनी त्या लाल अक्षरांवरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, “त्या गवंड्याला चौथ्यांदा परत पाठवलं ना, तेव्हा तो मला ‘आभारी आहे’ म्हणाला होता. माझ्या आत्ता लक्षात आलं.” आणि उठून आत गेल्या.

शुक्रवार आला आणि गेला. बाईंनी प्रबंध दिला नाही. त्या दिवशी मी त्यांच्यावर इतका चिडलो होतो की साडेपाचला त्यांच्याकडे न बघताच खडू घेऊन फळ्यापाशी गेलो. मागून आवाज आला, “मामा, आज चारशे सोळा लिहा. गवंडीबाबांचं झालंय.”

लिहिलं. चार, एक, सहा. 

सोमवारी साहेब फळ्यासमोर उभे. “हे काय? हे कोणी लिहिलं?”

“मी,” मी म्हणालो. “फळा माझ्याकडे आहे.”

बाई आतून आल्या. “साहेब, परत केलेला अर्ज निकाली धरावा असं कुठल्या नियमात आहे ते मी कित्येक महिने शोधतेय. मला सापडलं नाही. तुम्हाला माहीत असेल तर सांगा, आकडा लगेच पुसायला लावते.”

साहेबांनी कपाटातल्या सगळ्या पुस्तिका चाळल्या. नियम नव्हताच, नुसती रीत होती. मग त्यांनी फळा आतल्या भिंतीवर हलवला, पण आकडा पुसा असं लेखी द्यायला काही तयार झाले नाहीत. बाई मग लाल पेनानं एक यादी करायला लागल्या. माणूस पहिल्यांदा आला की त्याला काय काय लागणार ते सगळं एकदमच लिहून द्यायच्या. अधीक्षकाच्या खुर्चीवर बाईंहून नऊ वर्षांनी लहान माणूस आला. चांगला आहे बिचारा, पण मला त्याचा राग यायचा तो यायचाच.

प्रबंधाचा तोडगा सरांनीच काढला. म्हणाले, नोंदवही कार्यालयाची आहे, पण अर्ज तर माणसाचा आहे ना? त्यानं स्वतः संमती दिली तर साहेबांची परवानगी कशाला? साठ माणसं पुरेत. मग वर्षभर दर शनिवारी बाई आणि मी. एकानं दार लावून घेतलं, एकीनं बाईंना चांगलं सुनावलं आणि मग संमती दिली, काही जण पत्त्यावर नव्हते. बाई प्रत्येकाच्या घरी आधी त्याचं अडलेलं काम समजून घ्यायच्या, मग संमतीपत्र काढायच्या. एकसष्ट जमली. पहिली गवंड्याची. फळ्यावरचा आकडा दोनशे नव्वदवर आला होता तेव्हा मी निवृत्त झालो.

तोंडी परीक्षेला बाईंनी मला बोलावलं. “बाहेर बसायचं नाही, मामा. आत, मागच्या खुर्चीवर.” बसलो. सर होते, आणि बाहेरून आलेले एक परीक्षक, करड्या मिशांचे, बारीक नजरेचे. त्यांनी बाईंना अर्धा तास पिळून काढलं. मग शेवटची जोडपत्रं उघडली, बोटानं एक पान दाबून धरलं आणि कपाळाला आठी घातली.

“ही पहिलीच सही बघा. अर्जावर वेगळी. तुम्ही घेतलेल्या नव्या नमुन्यावर वेगळी. आणि या संमतीपत्रावर तिसरीच. एकही दुसरीशी जुळत नाही. अशा वेळी तुमच्या कार्यालयात काय करतात?”

 मला घाम फुटला. एक वर्ष उलटलं होतं, अधीक्षकपद हातचं गेलं होतं, आणि आता ही शेवटची गोष्टसुद्धा त्या म्हाताऱ्याच्या थरथरत्या हातावर येऊन अडकणार की काय!

“परत करतात, सर,” बाई म्हणाल्या. “मीच करायचे.”

“आणि आता?”

“आता माणूस बघते. तिन्ही वेळा माणूस तोच आहे, सर. मी त्याच्या घरी जाऊन आलेय.”

परीक्षकांनी बाईंकडे बघितलं, मग त्या सहीकडे, आणि पान उलटलं. मी मागच्या खुर्चीत बसून रडलो. लपवू कशाला, चांगला रडलो.